गळ्याखालची वाट

मनुष्यदेहांतील अवयवांच्याही नशिबीं मानमरातब असतो. हृदयाचें कौतुक कवींनीं केलें. डोळ्यांवर तर त्यांनीं शाई वाहविण्याची शर्थ केली. काळीज, जीभ, नाक, कान, इतकेंच काय पण पोट आणि पाठ यांचीही आपल्या भाषेंत चांगली व्यवस्था लागलेली आहे. परंतु तोंड आणि पोट यांच्या दरम्यान वीतभराहून थोडी लांब अशी जी एक नळी जन्मभर हमाली करते, तिच्या वांट्यास एखादी ओवी आलेली आमच्या पाहण्यांत नाहीं. तिला धड घरगुती नांवसुद्धां नाहीं. 'अन्ननलिका' हा शब्द शाळेच्या पुस्तकांतला. परीक्षा संपली कीं तो पुस्तकाबरोबर माळ्यावर जातो. आमच्या शिरूर कासारास एखाद्या शेतकऱ्याला विचारावें कीं, बाबा, भाकरीचा घांस तोंडांतून कोठें जातो? तो म्हणेल, घशांत. आणि घशांतून? पोटांत. मधला प्रवास त्याच्या हिशेबांत नाहीं. आणि ज्याची नळी सुरळीत चालली आहे, त्याच्या हिशेबांत तो असण्याचें कारणही नाहीं.

नळीला नांव नसलें तरी तिच्या कामावर मात्र मराठी भाषेनें पुष्कळ संसार थाटला आहे. अपमान गिळावा लागतो, राग गिळावा लागतो, आवंढा गिळावा लागतो. एखाद्याचें म्हणणें गळीं उतरत नाहीं. कर्ज गळ्याशीं येतें. आणि भावाची जमीन घशांत घालणारा भाऊ तर दर गांवांत एक तरी असतोच. या वाक्प्रचारांकडे नीट पाहिलें तर एक चमत्कारिक वांटणी दिसून येते. घशांत घालण्याचें काम बहुधा पुरुषांकडे असतें, आणि नुसतें गिळण्याचें बायकांकडे. भाषा ही मोठी चोखंदळ साक्षीदार आहे. तिला खोटें बोलावयास शिकविणें अवघड.

आम्ही वैद्य नव्हे. तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत घालविलीं, आणि त्या धंद्याचा अन्ननलिकेशीं संबंध एवढाच कीं, बोलून बोलून घसा बसतो. या नळीची आमची ओळख पुस्तकांतून झाली नाहीं. ती एका घरच्या प्रसंगानें झाली, आणि पुस्तकें आम्ही मागाहून वाचलीं. तो प्रसंग पुढें येईल. आधीं नळीची हकीकत सांगूं.

मोठ्या माणसाची अन्ननलिका सुमारें २५ सेंटीमीटर लांब असते. कंठमण्याच्या किंचित् खालीं तिचा आरंभ होतो. पुढें श्वासनलिका, मागें पाठीचा कणा, अशा दाटींतून ती छातींत उतरते, हृदयाच्या पाठीमागून जाते, आणि छाती व उदर यांमधील मांसल पडद्याच्या एका भोंकांतून खालीं येऊन जठरास मिळते. तिची शेजारीण श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांनीं सदैव उघडी ठेवलेली असते. ही मात्र घांस नसेल तेव्हां रिकाम्या थैलीप्रमाणें चपटी पडून राहते. तिच्या दोन्ही टोंकांस स्नायूंचें एकेक वळें आहे. वरचें वळें एरव्हीं मिटलेलें असतें आणि घांस आला कीं क्षणभर सैल होतें. खालचें वळें घांस जठरांत सोडतें आणि पुन्हां मिटतें. कारण जठरांत जें आम्ल खदखदत असतें तें सोसण्याची शक्ति जठराच्या अस्तरांत आहे, या बिचारीच्या अस्तरांत नाहीं.

आमच्या गांवाच्या नांवांतच कासार आहेत, आणि लहानपणीं कासारणीच्या पुढ्यांत बसून बांगड्या भरणाऱ्या बायकांची गर्दी पाहणें हा आमचा एक विरंगुळा असे. बांगडी सबंध हातावर कोठेंच अडत नाहीं. अडते ती अंगठ्याच्या मुळाशीं. तेथें कासारीण जोर करीत नाहीं. ती हाताचीं हाडें हलकेंच दाबते, 'हात सैल सोड' म्हणते, आणि ज्या क्षणीं हात सैल पडतो त्या क्षणीं बांगडी मनगटावर गेलेली असते. अन्ननलिकेच्या वरच्या वळ्याचा कारभार असाच चालतो. तेथें जबरदस्तीला अर्थ नाहीं. सैल पडण्याची वेळ साधली पाहिजे, आणि ती वेळ आपला मेंदू आपल्याला न विचारतां साधतो.

वाचकांनीं कंठमण्यावर बोट ठेवून एकदां आवंढा गिळून पाहावा. कंठमणि वर उचलला जातो आणि पुन्हां खालीं येतो. त्या एका हालचालींत श्वास थांबतो, श्वासनलिकेचें तोंड वर सरकून जिभेच्या मुळाखालीं आश्रयास जातें, त्यावर एक लहानसें झांकण कलतें, आणि घांस मागच्या वाटेनें उतरतो. हें सारें एका सेकंदाच्या आंत. या घाईंत आपण हंसलों किंवा बोललों तर झांकणाची वेळ चुकते आणि ठसका लागतो. कोणी तरी आठवण काढली म्हणून ठसका लागला, असें आमच्या घरीं म्हणत. जेवतांना बोलूं नये हा आमच्या आजोबांचा नियम आम्हांस जुलमी वाटे. तो नियम शरीरशास्त्राचा होता हें कळावयास आम्हांस चाळीस वर्षें लागलीं.

घांस एकदां जिभेच्या मुळापलीकडे गेला कीं तो आपला राहत नाहीं. जिभेवर असेपर्यंत तो चावावा, चघळावा, नकोसा झाल्यास थुंकून टाकावा. पलीकडे गेल्यावर आपली सत्ता संपली. विशेष असें कीं, नळीच्या वरच्या भागांतील स्नायु हातापायांच्या स्नायूंच्याच जातीचे, म्हणजे एरव्हीं आपल्या हुकमांत वागणारे आहेत. परंतु येथें तेही हुकूम मानीत नाहींत. खालच्या भागांतले स्नायु तर जन्मतःच स्वतंत्र बाण्याचे. घांसाच्या मागें नळी आवळते, पुढें सैल होते, आणि ही आवळण्याची लाट वरून खालीं सरकत जाते. गाईची धार काढणाऱ्याचा हात ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस ही क्रिया समजावून सांगावी लागणार नाहीं. अंगठा व तर्जनी यांनीं सड वर मिटावयाचा, मग एकेक बोट खालीं आवळीत आणावयाचें, कीं दूध चरवींत. घट्ट घांसाला या वाटेनें जठरांत पोंचावयास आठदहा सेकंद लागतात. पाणी बसल्या जागीं याहून पुष्कळ लौकर उतरतें.

घांस आपल्या भारानेंच खालीं पडतो अशी पुष्कळांची समजूत असते. ती खोटी ठरविण्याचा प्रयोग आम्ही वयाच्या नवव्या वर्षीं, अर्थात् शास्त्राची सेवा म्हणून नव्हे तर चुलतभावाशीं लावलेल्या पैजेखातर, केला आहे. परड्यांतील लिंबाच्या फांदीला गुडघ्यांनीं लोंबकळून आम्ही एक अर्धा पेरू खाल्ला. पेरू खालून वर, म्हणजे पोटाकडे, बिनतक्रार गेला. पैज आम्ही जिंकली. पण तेवढ्यांत थोरल्या काकू मिसरीनें काळा झालेला अंगठा तसाच वर धरून घरांतून धांवत आल्या आणि 'मेल्या, ठसका लागून मरशील कीं' म्हणून त्यांनीं आम्हांस खालीं ओढलें. काकूंचें म्हणणेंही शास्त्राला सोडून नव्हतें.

उलट दिशेची लाट पाहावयाची असेल तर बैलाजवळ बसावें. दुपारचा चारा खाऊन बैल सांवलींत बसला कीं थोड्या वेळानें त्याच्या मानेंतून एक गोळा सरसर वर चढतांना दिसतो. तो पावून बैल डोळे अर्धे मिटून रवंथ करूं लागतो, आणि मग तोच गोळा पुन्हां खालीं जातो. रवंथ करणाऱ्या जनावरांची अन्ननलिका सबंध पट्टेदार स्नायूंची असते, म्हणून ती दोन्ही दिशांनीं सारख्याच डौलानें चालते. माणसाची नळी उलटी चालली तर तिला डौल नसतो, हें सांगावयास नकोच.

घांस किंवा दुसरें कांहीं या वाटेंत अडकणें ही गोष्ट माणसाइतकीच जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत शरीरांत रुतलेल्या वस्तु काढण्याचा जो अध्याय आहे, त्यांत घशांत आडव्या बसलेल्या हाडासाठीं एक युक्ति दिली आहे. केंसांचा एक गुंता बळकट दोऱ्यास बांधावा, तो पातळ अन्नाबरोबर रोग्यास गिळावयास लावावा, आणि मग ओकारी काढवून दोरा ओढावा, म्हणजे हाड गुंत्यांत सांपडून वर येतें. आणि घांसच घशांत बसला असेल तर रोग्याच्या ध्यानींमनीं नसतां त्याच्या खांद्यावर मुठीचा ठोसा द्यावा, असें तेथें सांगितलें आहे. १९७४ सालीं हाइमलिक नांवाच्या अमेरिकन शल्यवैद्यानें पोटावर मागून विळखा घालून वर दाब देण्याची रीत प्रसिद्ध केली. आजचे डॉक्टर सांगतात कीं, माणूस खोकत असेल तर त्याला खोकूं द्यावें. खोकतां बोलतां येईनासें झालें तर ओणवें करून दोन्ही खांद्यांच्या मध्यें पांच जोरदार थापा द्याव्या, त्यानें न भागल्यास पोटावर पांच दाब द्यावे, आणि श्वास मोकळा होईतों हा क्रम चालूं ठेवावा. मात्र तो घांस श्वासाच्या वाटेंत अडकलेला. आमच्या नळींत अडकलेला घांस श्वास कोंडीत नाहीं, तो नुसता छळतो.

आमच्या धाकट्या भावानें लहानपणीं दहा पैशांचें नाणें गिळलें होतें. आईनें त्याला तीन केळीं चारलीं, दोन दिवसांनीं नाणें मिळालें, आणि तें धुऊन त्याच्याच हातावर ठेवण्यांत आलें. हा घरगुती उपाय आज आम्ही कोणास सुचविणार नाहीं. कारण हल्लीं घरोघर खेळण्यांतून, घड्याळांतून, दूरदर्शनच्या हातांतल्या कळपेटींतून बटणाएवढे चपटे विद्युत्कोश आलेले आहेत. असा कोश नळींत अडकला तर दोन तासांच्या आंत आंतलें अस्तर जळूं लागतें. तेथें केळें चारीत बसूं नये. मूल उचलावें आणि रुग्णालय गांठावें. तीच गोष्ट फरशी धुण्याच्या आम्लाची. सरबताच्या रिकाम्या बाटलींत तें भरून ठेवण्याची जी काटकसर आपल्या घरांतून चालते, तिची किंमत एखादें मूल आयुष्यभर मोजतें.

या अंधाऱ्या वाटेंत डोकावून पाहण्याचा मान पहिल्यानें कोणास मिळाला, याची हकीकत मोठी मौजेची आहे. लहानपणीं जत्रेंत आम्ही एक तलवार गिळणारा पाहिला होता. मान मागें टाकून, तोंड, घसा व छाती एका रेषेंत आणून तो हातभर लांबीचें पातें मुठीपर्यंत आंत सोडी, आणि आम्ही पोरें डोळे मिटून बोटांच्या फटींतून पाहत असूं. ही हातचलाखी होती अशी आमची पुढें पुष्कळ वर्षें समजूत होती. ती हातचलाखी नव्हती. १८६८ सालीं जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें कुसमौल नांवाच्या वैद्यानें अशाच एका तलवार गिळणाऱ्यास बोलावून आणलें आणि तलवारीऐवजीं एक सरळ पोकळ नळी त्याच्या गळ्याखालीं उतरविली. उजेड पुरेसा पडेना, म्हणून दिसलें थोडेंच. पण जिवंत माणसाच्या आंत असें पाहतां येतें एवढें सिद्ध झालें. आज तालुक्याच्या माणसासही जिल्ह्यास जाऊन जी दुर्बीण घशांतून घालून घेतां येते, तिच्या वंशावळींत एक डोंबारी आहे.

त्याच्याही पूर्वीं, १६७४ सालीं, विलिस या इंग्रज वैद्यानें एका रोग्याची हकीकत लिहून ठेविली. त्याच्या गळ्याखालून कांहींच उतरत नसे, खाल्लेलें सारें परत येई. विलिसनें देवमाशाच्या तोंडांतील लवचीक पट्टीची काठी करून तिच्या टोंकास स्पंजाचा बोळा बांधला, आणि रोगी पुढें कित्येक वर्षें जेवणानंतर ती काठी गळ्यांत घालून आपला घांस आपल्या हातानें जठरांत लोटीत राहिला. खालचें वळें सैल पडावयाचें विसरतें असा हा विकार आहे. १९१३ सालीं हेलर या जर्मन शल्यवैद्यानें तें वळें बाहेरून चिरून वाट मोकळी केली. आणि २००८ पासून जपानी डॉक्टर इनोउए यांच्या रीतीनें हेंच काम दुर्बिणींतून, अंगावर कोठेंही छेद न देतां, होऊं लागलें आहे. या रोगाची एक खूण ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्यांत भाकरी आणि पाणी बहुधा आरंभापासूनच दोन्ही अडतात. आधीं भाकरी अडूं लागणें, मग भात, मग पेज, असा क्रम असेल तर तो निराळ्या गोष्टीचा निरोप असतो.

सर्वांत घरगुती विकार म्हणजे छातींतील जळजळ. याविषयीं आम्ही अधिकारवाणीनें बोलूं शकतों. उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत रात्रीं अकराला जेवावयाचें आणि साडेअकराला आडवें व्हावयाचें, हा क्रम आम्ही पंधरा वर्षें चालविला. खालच्या वळ्यानें तो दहा वर्षें सोसला. मग आंबट पाणी गळ्याशीं येऊं लागलें. डॉक्टरांनीं पलंगाच्या उशाकडील पायांखालीं विटा ठेवण्यास सांगितलें, जेवण व झोंप यांत तीन तासांचें अंतर पाडलें, पोटाचा घेर कमी करा म्हणाले, आणि कांहीं दिवस आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. गोळी मात्र भरपूर पाण्याबरोबर आणि बसून घ्यावी. अंथरुणांत पडल्या पडल्या कोरडी गिळलेली गोळी नळींतच चिकटून तेथें जखम करते. आमचे एक सहकारी या गोळ्या पानसुपारीसारख्या खातात आणि त्यांवर मिरचीचीं भजीं खातात. हा औषधाचा उपयोग आहे कीं भज्यांचा, हें अद्याप ठरलेलें नाहीं. एक गोष्ट मात्र थट्टेची नव्हे: ही नळी हृदयाच्या पाठीशीं असल्यामुळें दोघांच्या वेदना पुष्कळदां एकसारख्या भासतात. छातींत दाबल्यासारखें होऊन घाम सुटला, तर तें पित्त आहे असें घरीं बसून ठरवूं नये.

चहाविषयींही एक शब्द लिहावासा वाटतो. शिरूरच्या स्टँडवर चहा उकळता मिळतो आणि जुनीं माणसें तो बशींत ओतून, फुंकर घालून पितात. महाविद्यालयांत गेल्यावर आम्हांस या बशीची लाज वाटूं लागली. कपानेंच पिणें हें आम्ही सुधारणेचें लक्षण मानलें. २०१६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें असें जाहीर केलें कीं, ६५ अंशांहून अधिक उष्ण पेयें नेहमीं पिणें अन्ननलिकेच्या कर्करोगास बहुधा कारण होतें. तेव्हांपासून आम्ही पुन्हां बशीनें पितों.

आतां तो प्रसंग. १९९८ ची दिवाळी. आम्ही तेव्हां औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, नुकतेच नोकरीस लागलों होतों. वसुबारसेच्या रात्रीं शेवटच्या बसनें शिरूरला पोंचलों तेव्हां पुरुषांचीं व मुलांचीं जेवणें होऊन गेलीं होतीं, आणि थोरल्या काकू एकट्याच चुलीपाशीं जेवावयास बसल्या होत्या. आमच्या घरांत बायकांनीं सर्वांमागून जेवण्याची चाल होती. त्यामुळें काकूंना जेवतांना पाहण्याचा प्रसंग आम्हांस त्या रात्रीपूर्वीं फारसा आलाच नव्हता. ज्या बाईनें आम्हांस हजारों घांस भरविले, तिचा एकही घांस आम्हीं नीट पाहिला नव्हता. त्या रात्रीं आमचें ताट त्यांच्या शेजारीं मांडलें गेलें म्हणून तो दिसला. काकूंनीं भाकर दुधांत चुरली होती. लहानसा घांस घेतला, तांब्या उचलून एक घोट पाणी प्यायल्या, मान थोडी उंच केली, हाताचा तळवा छातीच्या मध्यावर टेकला आणि थांबल्या. मग दुसरा घांस. पुन्हां तांब्या.

आम्ही विचारलें, "काकू, काय होतंय?"

"कांई नाई रे बाबा. घांस जरासा टेकतुय."

टेकतो! अडकतो नव्हे, दुखतो नव्हे. प्रवासी ओट्यावर क्षणभर टेकावा तसा टेकतो. आम्ही एम्. ए. झालेलों, चार ग्रंथ वाचलेलों, आम्ही म्हणालों, "सावकाश चावून खात जा, पाणी जास्त पीत जा." आणि भाऊबीज करून नोकरीवर परत गेलों.

घरांत कोणास कांहीं दिसलें नाहीं असेंही नव्हे. काकूंचे उपास वाढले होते. सोमवार होताच, त्यांत गुरुवार आला, मग शनिवार आला. उपासाला दूध आणि ताक चालतें, आणि काकूंचें भागत होतें तें दूध आणि ताक यांवरच. सिद्धेश्वराच्या देवळांत त्या रोज जातात, उतारवयांत बाईचें मन देवाकडे लागलें, म्हणून काका कौतुकानें चार लोकांत सांगत.

पुढें संक्रांतीला आम्ही घरीं आलों. ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों आणि माजघरांत कासारीण बांगड्या भरीत होती. ही कासारीण वीस वर्षें आमच्या घरच्या बायकांचे हात ओळखीत होती. काकूंचा हात हातांत घेऊन ती थांबली. मग आम्हांस तिचे शब्द स्पष्ट ऐकूं आले. "अक्का, तुमाला अडीचाच्या लागायच्या. औंदा सव्वादोनच्या बी ढिल्या व्हत्यात. हात कुटं गेला तुमचा?"

कोणी तरी हंसलें. आम्ही वर्तमानपत्र खालीं ठेवलें. आम्हांस तो तांब्या आठवला.

दुसऱ्याच दिवशीं काकूंना शहरांतील एका रुग्णालयांत नेलें. बेरियमचें पांढरें पाणी त्या कशाबशा प्यायल्या, आणि क्ष-किरणांच्या पाटीवर ती निनांवी नळी आम्हीं आयुष्यांत प्रथम पाहिली. वरच्या बाजूस रुंद, शुभ्र. मध्यावर एकाएकीं उंदरानें कुरतडल्यासारखी बारीक, वेडीवांकडी. आणि खालीं एक सुतासारखी धार. डॉक्टर वयस्क होते. त्यांनीं आमच्याकडे न पाहतां काकूंना विचारलें, "बाई, भाकरी केव्हां सोडलीत?" पांच महिन्यांत हा प्रश्न काकूंना कोणीही विचारला नव्हता. त्यांनीं तत्काळ उत्तर दिलें, "पोळ्याला. पुरणपोळीचा पहिला घांस टेकला. घरांत पावणे व्हते, मग कुनाला सांगावं?"

पोळा ऑगस्टांत होता. दिवाळीच्या रात्रीं आम्ही जें पाहिलें तें आरंभींचें नव्हतें; पण संक्रांतीपेक्षां तीन महिने आधींचें होतें. डॉक्टरांनीं आम्हांस बाहेर घेऊन समजाविलें कीं, ही नळी ताणली जाणारी आहे. तिची पोकळी बरीचशी आक्रसल्याशिवाय ती तक्रारच करीत नाहीं. मग माणूस बारीक चावतो, चुरून खातो, पातळ खातो, आणि प्रत्येक पायरीला आपली समजूत घालतो. म्हणून घट्ट घांस अडूं लागला आणि तें पंधरा दिवसांत थांबलें नाहीं, तर वय पाहूं नये, दुर्बीण घालून घ्यावी. काकूंच्या गांठीनें श्वासनलिकेकडे हात पसरला होता. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. किरणांचा उपचार झाला. त्यानें दोन महिने दूध, पेज सुखानें उतरूं लागलें. पुढें तेंही टेकूं लागलें.

डॉक्टरांनीं दुसरा प्रश्न मिसरीविषयीं विचारला होता. तव्यावर तंबाखू काळी होईतों भाजावयाची, चुरावयाची, आणि दिवसांतून दोनतीनदां दांतांस लावावयाची. आमच्या घरांत सकाळ उजाडे ती त्या करपट वासानें. तिला कोणी व्यसन म्हणत नसे. तें दांत घासणें होतें. पुरुष तंबाखू खात आणि बायका मिसरी लावीत, आणि दोहोंचा रस लाळेबरोबर त्याच वाटेनें खालीं जाई. तंबाखू आणि दारू हीं अन्ननलिकेच्या कर्करोगाचीं ठळक कारणें आहेत हें आज कोणीही डॉक्टर सांगेल. आमच्या जिल्ह्याच्या शिवेपासून फार दूर नसलेल्या बार्शीस १९८७ पासून खेड्यापाड्यांतील कर्करोगाची गांववार नोंद ठेवली जाते. ग्रामीण भागांतील अशी ही देशांतील पहिली नोंदवही. कासारीण ज्या तऱ्हेनें मनगटें लक्षांत ठेवी, त्या तऱ्हेनें कोणी तरी गांवें लक्षांत ठेवीत आहे, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते.

टेकलेल्या प्रत्येक घांसाचा शेवट असाच होतो असें मात्र कोणी समजूं नये. भीतीनें लपवालपव वाढते. आम्लानें पडलेल्या वणामुळेंही वाट अरुंद होते, आणि ती रुंद करतां येते. रक्तांतील लोह फार दिवस कमी राहिलें तर नळीच्या तोंडाशीं एक पातळ पडदा धरतो आणि घांस तेथें अडतो. १९१९ सालीं वेल्समधील व स्कॉटलंडांतील दोन वैद्यांनीं याचें वर्णन केलें. हा विकार मुख्यतः स्त्रियांचा. लोह पोटांत गेलें कीं पुष्कळदां उतार पडतो, पडदा उरलाच तर दुर्बिणींतून वाट रुंद करितात, आणि पुढेंही लक्ष ठेवितात. फिकुटलेल्या डोळ्यांच्या आणि सर्वांमागून जेवणाऱ्या बायका आमच्या तालुक्यांत शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं.

आषाढांतल्या एका संध्याकाळीं काकूंनीं वहिनींस, म्हणजे आपल्या सुनेस, गरम भाकर आणि मिरचीचा ठेचा मागितला. वहिनी घाबरल्या. काकू म्हणाल्या, "गिळत नाई गं. चव तेवढी घेते." त्यांनीं एक तुकडा मोडला, ठेच्याला लावला, डोळे मिटून बराच वेळ चावला, आणि मग शेजारच्या वाटींत टाकला. असे त्यांनीं चार घांस खाल्ले. पुढच्या पोळ्याला त्या नव्हत्या.

आतां आम्ही सुट्टींत शिरूरला जातों तेव्हां सर्वांबरोबर जेवीत नाहीं. बायकांच्या पंगतीस बसतों. गांवांतल्या वडीलधाऱ्यांस तें विचित्र वाटतें. गेल्या दिवाळींत वहिनींनीं विचारलें, "भाऊजी, घांस मोजाया बसता व्हय?" आम्ही हो म्हटलें. त्या हंसल्या. मग त्यांनीं ज्वारीच्या भाकरीचा मोठा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, आणि तांब्याकडे न पाहतां खाल्ला.